भिंगरीच्या गळ्याचं माप

बाईंना सगळे फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण बाईंना ते पक्कं ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, मनातून थोडं आवडतही होतं. लोक कशावरून ना कशावरून नाव ठेवणारच, मग आळशी, चोंबडी, कुजकट यांच्यापेक्षा फूटपट्टी काय वाईट? एकोणीस वर्षं बाई त्या इस्पितळाच्या तळघरात बसून लहान मुलांच्या गळ्याची मापं घेत होत्या, आणि एका मिलिमीटरवरून साहेबांशीसुद्धा हुज्जत घालायला मागेपुढे पाहत नव्हत्या.

काम ऐकायला विचित्र वाटतं, पण समजायला सोपं आहे. ओठांपासून खाली स्वरयंत्रापर्यंत, म्हणजे ज्या वाटेने आवाज बाहेर पडतो, त्या वाटेची लांबी मोजायची. तान्ह्या बाळात ही वाट जेमतेम सात-आठ सेंटिमीटरची. बाळाचं स्वरयंत्र पार वर, पडजिभेच्या शेजाराला येऊन बसलेलं असतं, म्हणून तर पठ्ठ्या दूध ओढता ओढता नाकाने श्वासही घेत राहतो. तुम्ही-आम्ही करून बघा, ठसका लागून डोळे पांढरे होतील. मग महिन्यामहिन्याने ते स्वरयंत्र खाली उतरतं, जिभेचं मूळ त्याच्या मागोमाग घशात उतरतं, वर मोकळी जागा होते, आणि त्या जागेत ‘आ’ निराळा, ‘ई’ निराळी, ‘ऊ’ निराळा असे स्वर सुटे व्हायला लागतात. पहिली दोन वर्षं ही वाट भराभर लांबते, पुढे सावकाश.

साहेबांनी अभ्यास मांडला होता तो याचाच. चाळीस मुलं. दीड वर्षाची असताना यायचं, मग दुसऱ्या वाढदिवसाला, आणि तिथून सात वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला. मुलाला मशीनच्या बोगद्यात निजवायचं, डोक्यावर पिंजऱ्यासारखी टोपी घालायची, आणि ‘आता पुतळा व्हायचं हं’ असा खेळ खेळत त्याच्या डोक्या-मानेची चित्रं काढायची. नंतर काचेच्या खोलीत बसवून त्याच्याकडून ठरावीक शब्द म्हणवून घ्यायचे, आणि शेवटी दोन मिनिटं त्याला हवी ती बडबड. उंची-वजन कुणी मोजत नव्हतं. ‘ते शाळेत मोजतात, आपला अभ्यास गळ्यापुरता,’ असं साहेबांचं म्हणणं. चित्रं बाईंकडे यायची. डोकं बरोबर मधोमध उभं कापलं तर जसं दिसेल तसं चित्र शोधायचं, त्यावर ओठांपासून जिभेच्या पाठीवरून खाली स्वरयंत्रापर्यंत तीस ठिपके द्यायचे आणि लांबी काढायची. एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा वेगळं आलं तर चौथ्यांदा. अशा होत्या फूटपट्टीबाई.

त्या चाळिसांत भिंगरी होती. वहीत तिचा नुसता क्रमांक, पण खरं नाव कुणाला आठवायचं? दीड वर्षाची पहिल्यांदा आली तेव्हा खोलीभर गोल गोल फिरून धपकन बसली आणि बाईंकडे बघून हसली. त्या दिवसापासून भिंगरी. तिची आई शिंपीण. चौकातल्या दुकानात उभ्या उभ्या कापड बेतायची, गळ्यात टेप कायमची लटकलेली, ती इस्पितळातसुद्धा काढायची राहून जायची. एकदा बाईंच्या कोपराजवळची उसवलेली शिवण तिने तिथल्या तिथे दोऱ्याने टिपून दिली होती. बोलायला मोकळी, हसायला मोकळी. बाईंना फारशी माणसं आवडत नसत, ही आवडायची.

भिंगरीच्या पाचव्या वाढदिवसाचं बोलावणं पत्राने गेलं, तसं सगळ्यांनाच जायचं. ठरल्या दिवशी सकाळी साडेदहाला शिंपीण ते पत्र हातात घेऊन तळघरात उतरली. एकटीच. गळ्यात टेप नव्हती.

“अहो, आमची भिंगरी कुठे राहिली?” बाई खुर्चीतून उठत म्हणाल्या. “जिन्यात फिरतेय की काय?”

“भिंगरी गेली, ताई.”

बाईंना आधी कळलंच नाही. “कुठे गेली?” असं विचारून बसल्या. आणि मग समोरच्या बाईचा चेहरा दिसला, तेव्हा आपली जीभ हासडून फेकून द्यावी असं त्यांना झालं.

सहा महिने होत आले होते. आधी पोरगी किरकिर करायला लागली, मग जेवण तुटलं, मग सकाळी उठली की चेहरा सुजलेला. दाखवायला नेलं तर दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. हळूहळू, आवाज न करता, वर्षभर जात होती म्हणे. मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. गेली तेव्हा साडेचार वर्षांची होऊन चार दिवस झाले होते.

“पत्र आलं,” शिंपीण म्हणाली. “तिच्या बापाने फाडायला घेतलं होतं. मी काढून घेतलं. तुमच्याकडे एक मागायचंय, ताई. नाही म्हणू नका.”

“मागा हो. काय हवं ते मागा.”

“तिचा आवाज हवाय. फोटो ढीगभर आहेत घरात. आवाज एक नाही. होता माझ्या फोनमध्ये, तो फोन दवाखान्यातच कुठेतरी गेला. सात दुकानं पालथी घातली, कुणी काढून देईना. आता मला…” ती थांबली. पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. “मला तो आठवेनासा झालाय. चेहरा आठवतो, आवाज आठवायला गेलं की कुणा दुसऱ्याच पोरीचा येतो. आई आहे ना मी? मला आठवायला नको?”

बाईंनी तिला खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, “परवा या. देते मी.” आणि नियमाचं काय, साहेबांचं काय, याचा विचार न करता आणखी म्हणाल्या, “शब्द देते तुम्हाला.”

साहेबांनी खळखळ केली नाही, हे श्रेय त्यांच्या पदरात घालायला हवं. “तिच्याच लेकराचा आवाज आहे, बाई. आपण कोण अडवणार?” एवढंच म्हणाले. अडलं ते निराळ्याच ठिकाणी.

मुलांचे आवाज एकमेकांशी ताडून बघायचे म्हणून अभ्यासात सगळ्यांचे आवाज एका मापाला आणले होते. कुणाचा गळा आखूड, कुणाचा लांब. त्या फरकाने शब्दांचा नाद बदलतो. तो फरक पुसायला एक प्रोग्रॅम होता. तो प्रत्येक आवाज स्वतः ऐकायचा आणि ताणून किंवा दाबून असा करायचा, की जणू सगळी पोरं एकाच लांबीच्या गळ्यातून बोलताहेत. किती ताणला याची नोंद ठेवायची त्याला अक्कल नव्हती. आणि मूळ आवाज? मागच्या साली जागा पुरेना म्हणून ते पुसून टाकले होते. आदेश साहेबांचा, बटण दाबलं होतं बाईंनी.

बाईंनी कानाला हेडफोन लावून ऐकलं. शब्द भिंगरीचे, अडखळणं भिंगरीचं, पण आवाज चाळिसांतल्या कुणाचाही. धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा. हे त्या आईच्या हातात द्यायचं? छे.

पण उपाय होता, आणि तो बाईंच्याच हातातला होता. गळ्याची खरी लांबी माहीत असेल तर आवाज उलटा फिरवून त्या मापाला परत नेता येतो. चौथ्या वाढदिवसाचं रेकॉर्डिंग शेवटचं, म्हणून त्या दिवसाचं माप पाहिजे. बाईंनी वही उघडली. तिसऱ्या वाढदिवसाला: एकशे चार मिलिमीटर. चौथ्याला: एकशे नऊ. आणि त्या एकशे नऊच्या बाजूला पेन्सिलीने एवढंसं फुली मारल्यासारखं काहीतरी.

ती फुली बाईंचीच होती. बघितल्या बघितल्या त्यांना आठवलं. त्या दिवशी भिंगरी काही केल्या पुतळा व्हायला तयार नव्हती. बोगद्यात शिरल्याबरोबर गप्पा सुरू, मान इकडे, मान तिकडे. चित्रं फिसकटली होती. तीनदा मोजायचं राहू द्या, बाईंनी एकदाही मोजलं नव्हतं. त्या वयाचं सरासरी माप तक्त्यात असतं; त्यात बघून एकशे नऊ लिहिलं, फुली मारली आणि वही मिटली. पुढे कधीतरी नीट बघू असं मनाशी म्हटलं, आणि ते पुढे कधी आलं नाही.

एकोणीस वर्षांत असं एकदाच. देवाशपथ एकदाच. बाईंनी स्वतःला समजावलं की चार वर्षांची मुलगी आहे, तक्त्याच्या आसपासच असणार, दोन मिलिमीटर इकडे नाहीतर तिकडे. आणि एकशे नऊ धरून त्यांनी आवाज परत फिरवला. ऐकला. त्यांना तो भिंगरीचा वाटला. वाटायलाच हवा होता ना!

परवाच्या दिवशी शिंपीण वेळेआधी आली. बाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, तिच्या डोक्यावर हेडफोन बसवला आणि आवाज लावला.

‘गाडी. फुगा. पाऊस. ऊस,’ असे ते शब्द. शिंपिणीने डोळे मिटले. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाचवा-सहावा शब्द झाला असेल नसेल, तिने डोळे उघडले. त्यात पाणी नव्हतं. परक्या घराचं दार उघडून उभं राहावं तशी ती गोंधळली होती.

“ही कोण आहे, ताई?”

“अहो, कोण म्हणजे? भिंगरी.”

“नाही.” तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “बोलतेय तिच्यासारखी. पण ही मोठी आहे कुणीतरी. आमची इतकी मोठी नव्हती.” आणि मग एकदम तिचा धीर सुटला. “की मीच विसरलेय? खरं सांगा. माझंच डोकं गेलंय का?”

आई विसरली की माप चुकलं, दोहोंतलं एक खरं होतं. आणि कुठलं, ते बाईंना त्या क्षणीच कळायला लागलं होतं, फक्त अजून कबूल करवत नव्हतं.

“तुम्ही थांबा,” त्या म्हणाल्या. “हे आमच्याकडून नीट झालं नाहीये. मी आणखी करून देते. तुम्ही फक्त ऐका आणि सांगा.”

बाईंनी आवाजाच्या चार प्रती केल्या. एकशे बारा, एकशे सहा, एकशे चार, एकशे एक. कुठली कुठली हे सांगितलं नाही. पहिलीला शिंपिणीने लगेच मान हलवली. दुसरीला ती पुढे झुकली, “जवळ आली,” म्हणाली. तिसरी लावली.

तिसरीत शब्द संपून भिंगरीची बडबड सुरू झाली होती. मशीनच्या पोटात बटणं आहेत का, काजं कुणी केली, आणि मशीनला झोप आली की त्याचा सदरा कोण काढतं, अशा चौकशा. शिंपिणीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. तिच्या तोंडून आवाज फुटला तो बाईंनी आयुष्यात ऐकला नव्हता. ती हसत होती आणि रडत होती आणि मधेच, “काढते गं, मी काढते त्याचा सदरा,” असं म्हणत होती.

बाईंनी तिला रडू दिलं. मग पाणी दिलं. मग म्हणाल्या, “अजून एकदा ऐकाल? मी अदलाबदल करते.” दोनदा अदलाबदल केली. दोन्ही वेळा शिंपिणीने तीच उचलली. क्षणभरही विचार केला नाही.

“हीच. हीच माझी. तुमचे उपकार कसे फेडू, ताई?”

तीच म्हणजे एकशे चार.

बाई तिथे उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात तो आकडा बसत होता. एकशे चार हे भिंगरीचं तिसऱ्या वाढदिवसाचं माप. चौथ्यालाही तेच. एका वर्षात त्या पोरीचा गळा वाढलाच नव्हता. आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचा नुसता गळा कधी अडत नाही. तो अडला म्हणजे सगळं मूलच वाढायचं थांबलेलं असतं. बाईंनी तो आकडा मोजला असता तर साहेबांकडे धावत गेल्या असत्या. साहेबांनी वरच्या मजल्यावर पाठवलं असतं. वरच्या मजल्यावर रक्त-लघवी तपासली असती. हे काही फार शहाणपणाचं नव्हतं, या तळघरातला झाडूवालासुद्धा सांगू शकला असता.

“ऐकत बसा तुम्ही हवं तेवढं,” बाई कशाबशा म्हणाल्या. “मला थोडं काम आहे. जाऊ नका.”

त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि भिंगरीची चौथ्या वाढदिवसाची फिसकटलेली चित्रं उघडली. आशा एकच होती, की आईचा कान चुकला असावा. एकेक चित्र बघायला लागल्या. बहुतेकांत सगळा धूसरपणा, जिभेच्या जागी तीन जिभा. पण एकात ओठ स्वच्छ होते. दुसऱ्यात टाळू. आणखी पुढे एकात, बहुधा पोरगी श्वास घ्यायला क्षणभर थांबली असेल, जिभेचं मूळ आणि खाली स्वरयंत्र स्पष्ट दिसत होतं. तुकडे जुळवायचे होते. किचकट होतं, डोळे फोडणारं होतं, पण होण्यासारखं होतं. तीस ठिपके. एकशे चार. पुन्हा तीस ठिपके. एकशे तीन. तिसऱ्यांदा एकशे चार. घड्याळात बघितलं तर बरोबर दोन तास लागले होते.

काचेपलीकडे शिंपीण अजून ऐकत होती. ओठ भिंगरीच्या शब्दांबरोबर हलत होते. बाईंना वाटलं, देऊन टाकावं तिचं तिला आणि पाठवावी घरी. ती सुखाने जातेय. तिला हवं होतं ते मिळालं. वहीतली फुली खोडरबराने पुसायला कितीसा वेळ लागतो? एकोणीस वर्षं ज्या नावाला जपलं ते राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. असं त्यांना वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या काचेच्या खोलीत गेल्या. शिंपिणीने हेडफोन काढला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पोटभर जेवल्यासारखी त्यांच्याकडे बघून हसली.

“तुम्ही माणूस म्हणून फार चांगल्या आहात हो,” ती म्हणाली. “मागच्या वेळीही मला धीर दिला होतात. आठवतं? तिच्या गळ्याचं चित्र न्यायला मी आले होते, चौथ्या वाढदिवसानंतर. तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला, ताई, पोरगी वाढतेय ना? तिच्या फ्रॉकमध्ये मी दोन बोटं माया सोडते, दर सहा महिन्यांनी उसवून लांब करते. त्या वर्षी एकदाही उसवावं लागलं नाही. टेप लावून लावून बघायचे मी. तुम्ही वही उघडलीत आणि म्हणालात, वाढतेय की, अगदी तक्त्याप्रमाणे. मी म्हटलं चला, एवढ्या मोठ्या मशीनने सांगितलं, माझ्या टेपचंच काहीतरी चुकत असेल.”

बाई खाली बसल्या. खुर्चीवर नाही, समोरच्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर. त्यांना हे आठवत नव्हतं. एवढं मोठं बोललो आणि आपल्याला आठवतसुद्धा नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

“तुमची टेप बरोबर होती,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ती वाढत नव्हती. वहीतला आकडा मी मोजलेला नव्हता. चित्रं हलली होती म्हणून मी तक्त्यातला उचलून लिहिला. तोच बघून तुम्हाला सांगितलं. मी आत्ता मोजलंय, तिकडे बसून. तिसऱ्या वर्षी जेवढा होता तेवढाच गळा चौथ्या वर्षी होता. मी त्या दिवशी मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. वर्ष नाही, पण पाच-सहा महिने हातात मिळाले असते तुम्हाला.”

शिंपीण हातातली हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाईंना वाटलं, ती ओरडेल, अंगावर येईल, आणि यावी.

“दवाखान्यात मला विचारलं होतं,” ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज सपाट झाला होता. “वर्षभर तुमच्या काहीच लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, नाही आलं. तिचा बाप शेजारी उभा होता. लक्षात आलं होतं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग आणलं का नाही? त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. लोकांचे कपडे शिवत बसलीस आणि घरातली पोर वाळत होती ती दिसली नाही, असं एकदाच बोलला. सासूबाई रोज बोलतात. मलाही तेच वाटायला लागलं. म्हटलं, टेप लावली होती की नव्हती, की मीच आता मनाची समजूत घालतेय?”

“लावली होती. तुम्हाला बरोबर दिसलं होतं. मी तुम्हाला परत पाठवलं.”

“हे लिहून द्या.”

“अं?”

“तुम्ही आत्ता बोललात ते. कागदावर. तारीख घालून, आकडे घालून, खाली सही. घरी दाखवायचंय मला.”

बाईंनी कागद घेतला. साहेबांना विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. या कागदावर सही केली की या खोलीत पुन्हा बसता येणार नाही हे त्यांना दिसत होतं, आणि त्याची भीती वाटत होती. तरी लिहिलं. आईने अमुक तारखेला मूल वाढत नसल्याची शंका बोलून दाखवली. मी न मोजलेला आकडा वाचून ती खोटी ठरवली. खरा आकडा हा. खोटा आकडा हा. चूक माझी, आईची नाही. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

शिंपिणीने कागद दोनदा वाचला. घडी करून पिशवीत ठेवला. आवाजाची प्रत बाईंनी एका छोट्या पेन ड्राइव्हवर घालून दिली होती, तो तिने रुमालात गुंडाळला आणि गाठ मारली.

“मी तुम्हाला माफ करायला हवं असं काही नाहीये ना?” तिने विचारलं. ती खरंच विचारत होती.

“नाही. करू नका.”

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

“आत्ता किती वेळ लागला तुम्हाला? मोजायला?”

“दोन तास.”

“दोन तास,” ती म्हणाली. “आणि त्या दिवशी? त्या दिवशी घाई होती का हो? घरी कुणी आजारी होतं? कुठे जायचं होतं?”

बाईंनी आठवून बघितलं. काहीतरी सापडावं म्हणून मनापासून आठवून बघितलं. ताप, पाहुणे, चुकणारी बस, काहीही. त्या आईला घेऊन जाण्यासारखं काहीतरी कारण असायला हवं होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “कुठेच जायचं नव्हतं. कंटाळा आला होता.”